प्रकाशाचे मोजमाप कोणाच्या त्वचेवर?

अंधारात विजेरी तळहाताला लावली की हात तांबडा उजळतो. निळा-हिरवा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते; तांबडा पुष्कळसा पार होतो. याच तत्त्वावर अमेरिकन शल्यविशारद मॅक्स कटलर यांनी १९२९ साली स्तनामागे दिवा धरून गाठी पाहण्याचा प्रयत्न केला. गाठीभोवती रक्तवाहिन्या वाढतात, तेथे सावली पडते. परंतु धुक्यात दिव्याचा झोत फाकतो तसा ऊतींत प्रकाश विखुरतो आणि लहान गाठ निसटते. आजचे संशोधक सुमारे ६५० ते ९५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडून रक्त, पाणी व चरबी यांचे प्रमाण गणिताने काढतात. यात क्ष-किरण नाहीत. तरुण स्त्रीच्या घट्ट ऊतींत मॅमोग्राफी चाचपडते, तेथे याची आशा अधिक.

हे संशोधन व्हावे, आणि सरकारी खर्चाने व्हावे. मात्र ते कोणाच्या शरीरावर पडताळले, हे विचारले पाहिजे. त्वचेतील मेलॅनिनही प्रकाश शोषते. कोविडकाळात घरोघरी पोहोचलेला ऑक्सिमीटर प्रकाशावरच चालतो. २०२० साली अमेरिकेत आढळले की, प्राणवायूची कमतरता गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत त्याच्या नजरेतून जवळजवळ तिप्पट वेळा सुटत होती. नांदेड-लातूरच्या उन्हात राबणाऱ्या शेतमजूर स्त्रीच्या त्वचेवर न पडताळलेले यंत्र तिला ‘काही नाही’ असे सांगून घरी धाडील, तर त्या दिलाशाची किंमत कोण मोजणार?

दुसरे असे की, यंत्रावाचूनही पुष्कळ साधते. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. (पन्नाशीच्या आत मात्र घट दिसली नाही, प्रकाशाच्या संशोधनाची निकड तेथेच आहे.) बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने तर १९८७ पासून खेड्यांतून अशी कामे होऊ शकतात हे दाखविले आहे, आणि बार्शी लातूरपासून फार दूर नाही.

तेव्हा तपासणी शिबिराचे निमंत्रण आले की आपल्या कार्यकर्त्यांनी आधी दोन गोष्टी विचाराव्यात: यंत्र आपल्याकडच्या किती स्त्रियांवर पडताळले आहे? आणि संशय आल्यास गाठीचा तुकडा नांदेडच्या वा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासून, मजुरी बुडवून पुनःपुन्हा खेपा न घालता, त्या बाईच्या हाती अहवाल किती दिवसांत पडेल?