हौशी वैमानिकांची स्पर्धा आणि फुलसावंगीचा प्रश्न

'हौशी' हा शब्द आपण मराठीच्या मंडळींनी फार सैलपणे वापरला आहे. 'हौसे, नवसे, गवसे' या त्रयीत तो पहिला आणि सर्वांत निरुपद्रवी. मूळच्या अरबी 'हवस'ने हिंदीत वासनेचा अर्थ घेतला. मराठीत मात्र ती धग निवून त्याची 'हौसमौज' झाली. 'हौशी कलाकार' असे म्हणताना आपल्या स्वरात थोडे कौतुक आणि बरीचशी सूट असते. बिचारा हौसेने करतो आहे, फार काय अपेक्षा ठेवायची!

अपवाद एका क्षेत्राचा. नाटकाच्या बाबतीत महाराष्ट्राने हौशीपणाला सूट दिली नाही, स्पर्धा दिली. पन्नाशीच्या दशकात राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली, १९६३ साली पुण्यात पुरुषोत्तम करंडक आला, आणि कचेरीतून सुटून तालमीला जाणाऱ्या कारकुनाला, महाविद्यालयातल्या पोराला कळले की नाटक ठरलेल्या वेळात बसवायचे असते, संहिता आधी द्यावी लागते, परीक्षक समोर बसलेले असतात. या स्पर्धांनी नट किती घडवले याचा हिशेब नेहमी मांडला जातो. त्यांनी शिस्त किती घडवली याचा हिशेब कोणी मांडत नाही. स्पर्धेचे खरे काम बक्षीस देणे हे नसून हौसेला नियम देणे हे असते, असे माझे मत आहे. प्रस्तुत लेखात ते एका अनपेक्षित क्षेत्राला लावून पाहायचे आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात फुलसावंगी नावाचे गाव आहे. तिथला शेख इस्माईल हा चोवीस वर्षांचा तरुण पत्राकाम, वेल्डिंग करणारा. शिक्षण जेमतेम आठवीपर्यंत. त्याने सुमारे दोन वर्षे खपून, मारुती ८००चे इंजिन वापरून एक माणूस बसेल असे हेलिकॉप्टर बांधले. गावाने त्याला 'मुन्ना हेलिकॉप्टर' असे नावही दिले होते. ऑगस्ट २०२१ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या चारच दिवस आधी, रात्रीच्या चाचणीत शेपटीकडच्या पंख्याचे पाते तुटले, मुख्य पात्याला लागले आणि ते मुख्य पाते त्याच्या डोक्यावर आदळले. पंधरा ऑगस्टला यंत्र लोकांसमोर आणायचा त्याचा मनसुबा होता, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. बहुतेक वृत्तपत्रांनी त्याला 'रँचो' म्हटले. २००९ सालच्या 'थ्री इडियट्स' या चित्रपटातल्या नायकाचे नाव एका खऱ्या मृत माणसाला चिकटवून आपण मोकळे झालो.

हे नाव चिकटवणे मला साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक पाहावे असे वाटते. उड्डाणाविषयी मराठी कल्पनाशक्तीजवळ प्रतिमा किती? एक तुकोबांच्या वैकुंठगमनाची. तिथे विमान वरून येते, न्यायला येते. ते कोणी बांधत नाही. दुसरी शिवकर बापूजी तळपदे यांची. १८९५ साली त्यांनी चौपाटीवर विमान उडवले ही कथा आपण आवडीने सांगतो, जरी तिला आधार म्हणावा असा समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातली विमाने उडू शकणार नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली दाखवून दिले, तरी कथा थांबली नाही. आणि तिसरी प्रतिमा सिनेमातली. पहिल्या प्रतिमेत चमत्कार आहे, दुसरीत पूर्ववैभव, तिसरीत टाळ्या. नटबोल्ट, वजनकाटा आणि नोंदवही या तिन्हींत कुठेच नाही. फुलसावंगीच्या तरुणाजवळ नटबोल्ट होते. वजनकाटा आणि नोंदवही घेऊन त्याच्याकडे जाणारा माणूस मात्र आपल्या व्यवस्थेत कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हता.

स्पर्धेने काय होते याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९२९च्या अखेरीस आगाखानांनी पाचशे पौंडांचे बक्षीस जाहीर केले. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधला प्रवास एकट्याने, एका महिन्याच्या आत विमानाने पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ते मिळायचे होते. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा हे तिघे त्यात उतरले. मनमोहन सिंग कराचीला सर्वांआधी पोचले, पण वाटेत खोळंबल्यामुळे त्यांची महिन्याची मुदत उलटली होती. इंग्लंडहून निघालेले अस्पी आणि कराचीहून निघालेले जे. आर. डी. यांची मे १९३० मध्ये इजिप्तमधल्या अबूकीरला गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकले होते, जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले. बक्षीस अस्पींना मिळाले, जे. आर. डी. थोडक्यात हरले. पुढे अस्पी १९६० ते १९६४ या काळात हवाई दलाचे प्रमुख झाले. जे. आर. डीं.नी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपाल घेऊन कराची-मुंबई उड्डाण केले, हे सर्वांना ठाऊक आहेच.

या प्रसंगातले औदार्य सांगून सगळे थांबतात. मला त्यातला मनमोहन सिंगांचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. पहिला येऊनही माणूस बाद होतो, कारण नियम आधी लिहिलेला असतो आणि तो सर्वांना ठाऊक असतो. नियमापुढे धाडस हा निकष उरत नाही. हौशी वैमानिकांच्या आजच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा तर धाडसाला जवळजवळ थाराच देत नाहीत. अचूक उड्डाणाच्या स्पर्धेत नकाशावर मार्ग आखायचा, वाऱ्याचा हिशेब करून ठरलेल्या बिंदूवर ठरलेल्या क्षणी पोचायचे. दोन सेकंदांच्या पलीकडे चुकलात की प्रत्येक सेकंदाला दंड. उशीर झाला तर दंड, आणि घाई केली तरी दंड! उतरायचे तेही धावपट्टीवर आखलेल्या रेघेशी. १९२२ पासूनच्या ब्रिटनमधल्या किंग्ज कप शर्यतीत संथ विमान आधी सोडतात, वेगवान मागून, म्हणजे यंत्राच्या किमतीपेक्षा हाताचे कसब मोजले जावे. घरी विमाने बांधणाऱ्यांची अमेरिकेतली संघटना १९५३ सालची. तिचे अनुभवी सभासद तांत्रिक सल्लागार म्हणून बांधणाऱ्याच्या घरी जातात, जोड तपासतात आणि हा भाग उघडून पुन्हा कर म्हणून सांगतात. फुकट सांगतात.

आपल्याकडे एअरो क्लब ऑफ इंडिया १९२७ पासून आहे, मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ पासून. परंपरा नाही असे म्हणायला जागा नाही. अडचण दाराशी आहे. खासगी वैमानिकाच्या परवान्याला किमान चाळीस तासांचे उड्डाण लागते, आणि त्या तासांचा खर्च पत्राकाम करणाऱ्याच्या आवाक्यात नाही. त्याहून मोठी मेख अशी की दहावी उत्तीर्ण असल्याशिवाय शिकाऊ परवानाही मिळत नाही. म्हणजे फुलसावंगीचा तरुण पैसे जमवून गेला असता तरी दारातून परतला असता. बांधणाऱ्यांची कथा याहून निराळी नाही. मुंबईत गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव हे स्वतः व्यावसायिक वैमानिक; तरी त्यांना यंत्राची नोंदणी मिळायला २०१७ साल उजाडले. ज्याला अर्ज कोणाकडे करायचा हेच माहीत नाही, तो रात्री आपल्या आवारात चाचणी घेतो.

यावर आक्षेप ठरलेला आहे. स्पर्धा भरवल्याने गावोगावचे पोरगे मोटारीची इंजिने उचलून पाती बसवू लागतील. मला हा आक्षेप उलटा वाटतो. पाती आजही बसवली जात आहेत. मोबाइलवरच्या चित्रफिती त्यांना पुरेशा आहेत. नसते ते फक्त परीक्षक. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: शेतकरी आत्महत्यांनी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात विमानांचे चोचले कशाला? पण विमानांचे चोचले या जिल्ह्यात आधीच झाले आहेत. यवतमाळजवळ भारी येथे जवाहरलाल दर्डा यांच्या नावाचा विमानतळ आहे. २००९ साली तो राज्यातल्या आणखी चार विमानतळांसह रिलायन्सकडे भाडेपट्ट्याने दिला गेला. नियमित प्रवासी सेवा काही तिथे रुजली नाही. धावपट्टीचा खर्च झालेलाच आहे, आणि वर्षाचे चार दिवस ती हौशींना देण्याने कापसाचा भाव पडणार नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे की हौशी वैमानिकांची राष्ट्रीय स्पर्धा यवतमाळलाच भरावी, आणि तिचे दोन विभाग असावेत. परवानाधारकांचा एक, त्यात नेहमीची अचूक उड्डाणे. दुसरा बांधणाऱ्यांचा. या दुसऱ्या विभागात कोणीही उडायचे नाही. यंत्र आणायचे, ते साखळीने जमिनीशी बांधायचे, माणूस दूर उभा राहील आणि इंजिन लांबून चालवले जाईल. वजन, तोल, वेल्डिंगचा प्रत्येक जोड, पात्यांचा कंप, सगळे जाणकारांनी तपासून गुण द्यायचे. ज्याला 'नापास' हा शेरा मिळेल त्याला कारण लेखी द्यायचे. प्रवेशाला दहावीची अट नको. वाचता येत असले की पुरे.

वाचायचे काय, हा प्रश्न मग आपल्या दारात येतो. ती नियमपुस्तिका मराठीत असली पाहिजे, आणि कोशातल्या मराठीत असून भागणार नाही. परिभाषा समित्यांनी घडवलेले शब्द गॅरेजमध्ये चालत नाहीत, आणि गॅरेजमधले शब्द समित्यांना ठाऊक नसतात. मराठीचे एम. ए. झालेले आणि तासिका तत्त्वावर वर्षे काढणारे कितीतरी जण या विभागात आहेत. त्यांनी पुसद-महागावच्या वेल्डरांशेजारी महिनाभर बसून हे भाषांतर करावे. सुरुवात शेपटीकडच्या पंख्याच्या प्रकरणापासून करता येईल.