पडद्याचेही चावडीवाचन हवे

देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणासाठी केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्या अंमलबजावणीची धुरा नाबार्डकडे आहे. घाटंजीसारख्या कापूस-तुरीच्या तालुक्यात ही संस्था नुसती 'सोसायटी' म्हणून ओळखली जाते आणि खरिपाच्या तोंडावरचे पीककर्ज हा तिच्या सभासदांचा मोठा आधार असतो. तेथील खतावणी संगणकात जाणे स्वागतार्हच आहे. परंतु वहीतील चूक एका खातेदारापुरती राहते, तर प्रणालीतील चूक एकाच दिवशी हजारो खात्यांत उतरते. म्हणूनच सचिवाच्या टेबलावरील पडदा आधी कोणी आणि कसा तपासला, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही.

अशा तपासणीची स्वयंचलित पद्धत जुनीच आहे. चाचणीची आज्ञावली माणसासारखीच प्रणाली उघडते, रकाने भरते, बटण दाबते आणि आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते. महाराष्ट्रात तीन लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जाची मुदतीत परतफेड केल्यास व्याज सवलत मिळते. तेव्हा मुदतीच्या शेवटच्या दिवशी भरलेले आणि दुसऱ्या दिवशी भरलेले, बरोबर तीन लाखांचे आणि त्याहून एक रुपया अधिक, अशी सीमेवरची प्रकरणे तपासलीच पाहिजेत. प्रत्येक दुरुस्तीनंतर ही शेकडो प्रकरणे पुन्हा हाताने भरणे माणसाला शक्य नाही. यंत्र ती रात्रीतून भरते.

मात्र ही पद्धत म्हणजे जादूची कांडी नव्हे. रकाना पडद्यावरील जागेवरून शोधला, तर मांडणी थोडी बदलताच चाचणी कोलमडते. म्हणून रकान्याच्या अंतर्गत नावावरून तो शोधावा लागतो. मराठी जोडाक्षरांची नावे, जुना संगणक, मध्येच गेलेली वीज, हे सारे चाचणीत मुद्दाम घालावे लागते. शिवाय अपेक्षित उत्तरच चुकीचे लिहिले असेल, तर यंत्र चुकीलाच बरोबर ठरवते. त्यामुळे उत्तरे ठरवताना सोसायटीचा अनुभवी सचिव सोबत हवाच.

महाराष्ट्राला अशा पडताळणीचा अनुभव आहे. संगणकीकृत सातबारातील चुका शोधण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडीवाचन झाले आणि लोकांनी आपापल्या नोंदी ऐकून हरकती घेतल्या. ती तपासणी नोंदींची होती. नोंदी हाताळणाऱ्या प्रणालीलाही तोच न्याय लागू व्हावा. प्रत्येक सुधारित आवृत्तीसोबत कोणती प्रकरणे तपासली, किती उत्तीर्ण झाली आणि किती अडली, याचा मराठी गोषवारा सोसायटीच्या फलकावर लावणे अवघड नाही. कर्ज कोणाच्या नावावर किती, हे सांगणाऱ्या पडद्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी सभासदाला एवढे विचारण्याचा हक्क निश्चितच आहे.