मूक राजीनामा

मूक राजीनामा किंवा क्वाएट क्विटिंग म्हणजे नोकरी न सोडता, नेमून दिलेल्या कामापलीकडे काहीही न करण्याची कर्मचाऱ्याची भूमिका. नावात राजीनामा असला तरी येथे कोणी पद सोडत नाही. थांबते ते विनामोबदला जादा काम. जुलै २०२२ मध्ये टिकटॉकवरील एका चित्रफितीमुळे ही संज्ञा अमेरिकेत सर्वतोमुखी झाली.

कल्पना नवी नाही. कामगार संघटनांचे ‘नियमानुसार काम’ आंदोलन याच जातीचे. मात्र ते सामूहिक व जाहीर असते, त्यामागे मागणी असते आणि वाटाघाटीला जागा उरते. मूक राजीनाम्यात मागणी उच्चारलीच जात नाही. त्यामुळे उत्तर कशाला द्यायचे, हे व्यवस्थापकाला उमगत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये गॅलप संस्थेने अमेरिकेतील किमान निम्मे कर्मचारी या वर्गात मोडतात, असे म्हटले. कामात समरस असलेले ३२ टक्के आणि उघड नाराज असलेले १८ टक्के वगळून उरलेल्या सर्वांना हे नाव देण्यात आले. ठरलेले काम चोख करणाराही त्यामुळे संशयित ठरतो.

काही व्यवस्थापक संगणकावरील हालचालींवर पाळत ठेवतात. काही जण पगारवाढ रोखून वा महत्त्वाच्या कामातून वगळून कर्मचाऱ्याला स्वतःहून जाण्यास भाग पाडतात. या दुसऱ्या प्रकाराला ‘क्वाएट फायरिंग’ म्हणतात. दोन्ही उपाय कर्मचाऱ्यालाच दोषी धरतात. जॅक झेंगर व जोसेफ फोकमन यांनी २,८०१ व्यवस्थापकांच्या मूल्यमापनावरून वेगळा निष्कर्ष काढला : सर्वांत निष्प्रभ व्यवस्थापकांच्या हाताखाली असे कर्मचारी उत्तम व्यवस्थापकांच्या तुलनेत तीन ते चार पट आढळले.