कार्बोरेटरचे वकीलपत्र

काही जण असे जन्माला येतात की घरात काहीही फुटलं, सांडलं, हरवलं तरी पहिला धपाटा त्यांच्याच पाठीत बसतो. आमच्या घरात हा मान माझा होता. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या पाठीत असा उगीच धपाटा बसताना दिसला की मला राहवत नाही. म्हणूनच आज मी ॲल्युमिनियमच्या अंगाच्या आणि पितळेच्या आतड्यांच्या एका मुक्या प्राण्याचं वकीलपत्र घेतलं आहे. आरोपीचं नाव, कार्बोरेटर.

खटला मालवणजवळच्या देवबागचा. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते आणि माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, पर्यटकांना होडीतून फिरवतो. होडीच्या पाठीला टांगलेलं टू-स्ट्रोक इंजिन पंचवीस हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं आणि सेकंडहँड. वय विचारू नये, कारण ते इंजिनालाही आठवत नसावं. गेल्या हंगामात त्याचा पिकअप गेला. हळू चालवलं तर शहाण्या मुलासारखं चालायचं, थ्रॉटल पूर्ण उघडला की उडी मारून धावायचं आणि आठ-दहा सेकंदांत भूऽऽक करून बसायचं.

स्कूटरचा पिकअप गेला तर माणूस ऑफिसात उशिरा पोचतो. तिथेही उशिरा येण्याचं ते मान्यताप्राप्त कारण आहेच. खाडीच्या मुखावर गोष्ट वेगळी. ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं असतं, समुद्राची लाट आत येत असते आणि दोघांची जिथे गाठ पडते तिथे होडीचं नाक लाटेकडे ठेवायचं तर इंजिनात जीव लागतो. एका संध्याकाळी नेमकी तिथेच इंजिनाने मान टाकली. होडीत सहा माणसं, त्यांतली दोन पोरं. होडी आडवी झाली, एक लाट आत आली, दुसरी सुदैवाने लहान होती. जॅकेटं सगळ्यांच्या अंगात होती म्हणून वहिनी देवाला नारळ देऊन मोकळी झाली. दादा मात्र त्या रात्री जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर न्यायालय भरलं. पहिले आले रिक्षाचं गॅरेज चालवणारे. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. "कार्बोरेटरात कचरो आसतलो!" दुसरे बोटीवरून निवृत्त झालेले चीफ इंजिनीअर. त्यांनी उभा जन्म दुमजली घराएवढ्या डिझेल इंजिनांत घालवलेला, आणि डिझेल इंजिनाला कार्बोरेटर नावाची वस्तूच नसते. तरी त्यांचंही निदान तेच. तिसरा मी. मला कार्बोरेटर नेमका कुठे असतो हेही ठाऊक नव्हतं, पण लोकमताविरुद्ध जायची सवय नसल्याने मीही मान डोलावली.

मग कार्बोरेटर उघडला. एकदा नव्हे, तीन आठवड्यांत चार वेळा. चौथ्यांदा गावातल्या कारागिराने जेटमध्ये तार घालून असं काही कोरलं की माणूस दातसुद्धा इतका कोरत नाही. आता जेटचं भोक म्हणजे काही चाळणीचं भोक नव्हे. ते मिलिमीटरचे बारीक भाग मोजून पाडलेलं असतं आणि तो सगळा हिशेब त्या पितळेतच असतो. तार फिरवली की हिशेब संपला. म्हणजे आरोपी निर्दोष होता, त्याला चौकशीतच जायबंदी केला. कुणी सांगितलं, तेल वाढव. पन्नासाला एक, म्हणजे लिटरला वीस मिलिलिटर तेल हे प्रमाण आमच्याकडे कुणाला पुरेसं मायेचं वाटतच नाही. दादाने हात सैल सोडला, वर स्कूटरचं तेल ओतलं. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचं तेल वेगळं असतं, हे प्लग काळेकुट्ट झाल्यावर कळलं.

या पहिल्याच आरोपीला का धरतात, याचा मी बराच विचार केला आहे. तो समोर असतो. त्याला चार स्क्रू असतात आणि आपल्या हातात स्क्रूड्रायव्हर असतो. जे उघडता येतं ते दोषी, असा आपला कायदाच आहे. पेट्रोलची नळी उघडत नाही, म्हणून ती सज्जन. प्रोपेलर पाण्यात असतो, म्हणून तो संत. होडीच्या तळाला पावसाळाभर चिकटलेली शिंपलं तर कुणी मोजायचीच नाहीत.

आणि विचारायचं काय असतं? अहो, साध्या दोन गोष्टी! इंजिन चढत नाही, की इंजिन चढतं आणि होडी चढत नाही? इंजिन आकांत करतंय पण होडी जागेवरच, तर प्रोपेलरच्या मध्यातलं रबर सुटून घसरत असेल. आतल्या तुंब्यापासून बाहेरच्या तुंब्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा, एक फेरी मारून या. रेघ तुटलेली दिसली की न्यायनिवाडा झाला, खर्च रंगाचा. दुसरं, मरतं ते कधी? थ्रॉटल उघडताक्षणी घुटमळलं तर माझ्या अशिलावर संशय घ्यायला माझी हरकत नाही. प्लग आणि टायमिंग यांनाही सोबत उभं करा. पण आठ-दहा सेकंद धावून मग मेलं, तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपलं आणि मागून नवं आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. उपाशी माणसाला कुणी जुलाबाचं औषध देतं का? आम्ही चार वेळा दिलं.

खरं म्हणजे हे यंत्र पिकअपच्याच पोटी जन्मलेलं. अमेरिकेत ओले एव्हिनरूड या गृहस्थाने तळ्यावरून वल्हवत होणाऱ्या बायकोसाठी आइस्क्रीम आणलं, ते वाटेतच वितळलं, म्हणून त्याने होडीला इंजिन लावायचं मनावर घेतलं, अशी कथा सांगतात. 1909 पासून ती इंजिनं विकायला आली. त्या बाईने नंतर त्याचा धंदा सांभाळला. म्हणजे या इंजिनाच्या बाबतीत बायकोचं ऐकावं, ही परंपराही तेव्हापासूनची.

दादाकडे वहिनी होती. चाचणीच्या फेरीला ती मागे टाकीपाशी बसायची. नळीच्या मध्ये एक रबरी फुगा असतो, सुरुवातीला तो दाबून पेट्रोल वर चढवतात. इंजिन मरायला लागलं की वहिनी घाबरून तो दाबत राहायची. एकदा ती म्हणाली, "भावजी, ह्यो फुगो दाबलंय काय इंजिन बरा बोलता. सोडलंय काय पुन्हा रडता."

"तू गप ऱ्हव. तुका काय कळता त्यातला?" दादा म्हणाला.

त्या बारा शब्दांत सगळं निदान होतं आणि आम्ही तिघे पुरुष ते ऐकून पुन्हा कार्बोरेटरकडे वळलो. तोवर दादाने नव्या फोर-स्ट्रोक इंजिनाची चौकशी केली होती आणि वहिनीच्या पाटल्या कपाटातून बाहेर येऊन टेबलावर बसल्या होत्या. त्या पाटल्या बघून मला पहिल्यांदा वाटलं, फुगा एकदा आपणही दाबून बघावा. दाबला. इंजिन खणखणीत बोललं.

नळी बाहेरून नवरीसारखी होती. उभी कापली तेव्हा आतला थर सुटून जिभेसारखा लोंबत होता. हळू ओढलं की पेट्रोल जायचं, जोराने ओढलं की जीभ भोकावर बसायची. 2025 साली देशाने पेट्रोलमधल्या 20 टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला. जुन्या रबराला ते सोसत नाही, त्यात पावसाळाभर तेच पेट्रोल नळीत मुरत ठेवलेलं. नवी नळी, नवा फुगा, आणि आम्हीच बिघडवलेला म्हणून नवा जेट. पाटल्या कपाटात गेल्या. वहिनीला कुणी काही म्हणालं नाही, पण दादा हल्ली टाकीपाशी तिची जागा स्वतः पुसून देतो.

परवा बाजारात गॅरेजवाले भेटले. "काय रे, काय झाला होता शेवटाक?"

"नळी," दादा म्हणाला.

ते क्षणभर थांबले, पान दुसऱ्या गालात सरकवलं.

"तरीपण एकदा कार्बोरेटर उघडून बघ. कचरो आसतलोच."