पहिला चौकोन

१ जानेवारीला सकाळी कात्रजच्या चौकात उभं राहावं. रात्रीच्या जागरणानं निम्मं पुणं अजून पांघरुणात असतं आणि साताऱ्याकडून घाट उतरलेल्या गाड्यांवर निळे झेंडे फडफडत असतात. ही मंडळी निघालेली असतात कोरेगाव भीमाच्या जयस्तंभाकडे. १८१८ साली याच दिवशी तिथे ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतले महार शिपाई पेशव्यांच्या फौजेशी लढले. १९२७ साली याच तारखेला डॉ. आंबेडकर तिथे मानवंदनेला गेले. जोतीराव फुल्यांची भिडेवाड्यातली मुलींची शाळा सुरू झाली, तो दिवसही १ जानेवारी १८४८ मानतात. सातासमुद्रापलीकडे बंड करून उठलेल्या गुलामांचा हैती १८०४ साली याच दिवशी स्वतंत्र झाला, आणि १८६३ साली लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा याच दिवशी अमलात आला. तारखा जुळल्या हा योगायोग. नातं मात्र योगायोगाचं नाही. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. त्यासाठी त्यांना तारखा जुळवाव्या लागल्या नव्हत्या. नवी दिनदर्शिका खिळ्याला अडकवताना तिच्या पहिल्या चौकोनात आपण फक्त सुट्टी आहे का, तेवढं बघतो.