वारशाचा फराळ

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका शाळेने मला काव्यवाचनाच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावले. विषय होता ‘आपला खाद्यवारसा’. दोन तास मी पुरणपोळी, मोदक, श्रीखंड, चकली यांची स्तोत्रे ऐकत बसलो होतो. हलवायाच्या दुकानावरची पाटी यमके जुळवून वाचावी तसा तो प्रकार! लाडूला ‘काढू’, चिवड्याला ‘निवडा’, आणि शेवटच्या कडव्यात न चुकता पिझ्झाला हद्दपारी व संस्कृतीचा जयजयकार. म्हणणारी मुले आठ-नऊ वर्षांची. ‘संस्कृती’ हा शब्द आला की त्यांचे चेहरे एरंडेल घेताना होतात तसे होत होते.

आता कोणी म्हणेल, “अहो, सणासुदीला हे काय काढलेत? मुलांना आपले पदार्थ कळले तर बिघडले कुठे?” काहीच बिघडले नाही. माझी तक्रार एवढीच की, या कवितांतून पदार्थ कळतच नाहीत. अनारशाचेच पाहा. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग ते वाळवून, कुटून, चाळून त्यांत गूळ मिसळायचा. इतके सोपस्कार करून अनारसा तुपात सोडावा, आणि गुळाचे प्रमाण जरा चुकले असेल तर तो तिथल्या तिथे पसरून विस्कटतो. आपल्या बायका त्याला काय म्हणतात? ‘अनारसा हसला!’ अनारसा हसतो आहे आणि करणारी रडकुंडीला आली आहे! बालकवितेला याहून काय हवे? भाषेने ताटात वाढून ठेवलेला हा घास सोडून आमचे कवी ‘संस्कृती’ला ‘स्मृती’ जुळवीत बसतात. त्यांनी कढईपाशी कधी उभे राहिल्याचे दिसत नाही. पहिला घाणा बिघडतो, सोऱ्या दाबताना दंड भरून येतात, नैवेद्य होईपर्यंत डब्याला हात लावायचा नसतो आणि तरीही तो लावला जातो, यातले एक अक्षर त्यांच्या ओळींत नाही.

आणि वारसाच म्हणत असाल, तर तो तरी नीट पाहा. भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून पोरी गाणी म्हणतात. पण त्यांचे निम्मे लक्ष असते झाकलेल्या डब्याकडे. शेवटी खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाज ऐकायचा, गोड की तिखट ते विचारायचे, मग तोंडाला येईल त्या पदार्थाचे नाव ओरडायचे. यजमानीण एक हरली नाही, तर पोरींचा हिरमोड. यात कोणी खिरापतीचा गौरव करीत नाही. तिच्यावर डोळा ठेवतात. भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी आपली म्हातारी लेकीकडे निघते तीही खाऊन-पिऊन धष्टपुष्ट व्हायला. लोकवाङ्मयाला मुलांची भूक ठाऊक होती. विंदा करंदीकरांसारखा मोठा कवी मुलांसाठी लिहायला बसला तेव्हा त्यानेही उपदेशाची पिशवी दाराबाहेर ठेवली. आमच्या वारसाप्रेमी कवींनी मात्र भूक काढून घेतली आणि अभिमान वाढला.

शिवाय ‘प्राचीन’ या शब्दाचा यांना भारी सोस. उपवासाच्या साबूदाण्याच्या खिचडीवर ‘ऋषिमुनींचा ठेवा’ अशा थाटाचे कवन मी त्या दिवशी ऐकले. आपला साबूदाणा बहुतेक तमिळनाडूत सेलमकडे होतो, तो टॅपिओकाच्या कंदापासून. तो कंद अमेरिका खंडातला. शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची, बटाटाही तिकडचाच, आणि त्याचे नावसुद्धा पोर्तुगीजांकडून घेतलेले. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली. ऋषिमुनी बिचारे मिरचीवाचूनच गेले! म्हणून खिचडी आपली नव्हे असे थोडेच आहे? परक्या चार जिनसा उचलून त्यांचा उपवास करून दाखवणे ही खास आपली करामत. मुलांना ही गोष्ट सांगितली तर ती टाळ्या पिटतील.

खरा राग मला याहून वेगळ्या गोष्टीचा आहे. या कवितांतला ‘आपला’ हा शब्द फार थोड्या घरांतून फिरतो. त्यांच्या ताटात आंबील नाही, सुकट नाही, कोरड्यास नाही. २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष ठरवले, तेव्हा कुठे ज्वारी-नाचणीला कवितेत पाट मिळाला. तोवर भाकरी खाणाऱ्या पोराला काय वारसाच नव्हता? मराठवाड्यातल्या दलित घरांच्या स्वयंपाकावर शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहिले. त्या नावातला एक ‘अ’ आमच्या बालकवींनी दहा मिनिटे शांतपणे पाहत बसावे. वर्गात चाळीस मुले असतात. कवितेत मोदक आला की त्यांतल्या काहींना घर आठवते आणि उरलेली नुसते पाठांतर करतात.

स्पर्धा संपल्यावर, पुरणपोळीवर खणखणीत बोललेल्या एका मुलाला मी विचारले, “काय रे, तुला घरचं काय आवडतं?” त्याने आधी बाईंकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, “सुकट.” आजी ती तव्यावर भाजते, वास गल्लीच्या टोकापर्यंत येतो, आणि आपण शाळेतून पोचायच्या आत शेजारचे मांजर दारात येऊन बसलेले असते, हे सगळे त्याने एका दमात सांगितले. सांगताना त्याचे हात चालत होते, नाक फेंदारले होते. दोन तासांतली ती पहिली कविता.

“मग हेच का नाही म्हणालास?”

“सर, हे कवितेत नसतं ना.”

त्याला दुसरे बक्षीस मिळाले, पुरणपोळीसाठी. गुण मीच दिले होते.