सोलापूरचा मध आणि मानुकाचा आकडा

मानुका मधाच्या बाटलीवरचा आकडा म्हणजेच औषधी गुणाचा दाखला, असे सांगणाऱ्या जाहिरातींची या आठवड्यात पुन्हा रेलचेल झाली. भाजलेल्या जखमांवर मधाची पद्धतशीर चाचणी ज्या महाराष्ट्रात तीन दशकांपूर्वीच झाली, तेथे त्या बिनबोभाट खपाव्यात, ही खेदाची गोष्ट आहे. तो आकडा मुख्यतः मिथाइलग्लायॉक्सल या जंतुनाशक रसायनाशी निगडित असतो आणि न्यूझीलंडच्या मानुका झुडपाच्या मधात ते विपुल असते, एवढे मान्यच आहे.

सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त प्रसिद्ध केलेल्या चाचणीत भाजलेले १०४ रुग्ण होते, निम्म्यांच्या जखमांवर मध आणि उरलेल्यांच्या जखमांवर सिल्व्हर सल्फाडायझिन हे रुळलेले मलम लावण्यात आले. सात दिवसांत मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, तर मलमाच्या गटात हे प्रमाण ७ टक्क्यांवरच राहिले. पंधरा दिवसांत अनुक्रमे ८७ आणि १० टक्के जखमा भरून आल्या. पुढे २००८ मध्ये त्याच नियतकालिकात, शिरांतील रक्ताभिसरण बिघडून पायांवर होणाऱ्या व्रणांच्या ३६८ रुग्णांवरील न्यूझीलंडची चाचणी आली. मानुका मधाच्या पट्ट्यांनी बारा आठवड्यांत ५५.६ टक्के, तर नेहमीच्या पट्ट्यांनी ४९.७ टक्के रुग्ण बरे झाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

भाजलेली जखम आणि जुनाट व्रण एकाच मापाने मोजता येत नाहीत, आणि सोलापूरचे निष्कर्ष इतके एकतर्फी आहेत की इतर केंद्रांनी ते पडताळणे अगत्याचेच आहे. तरीही २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेने, म्हणजे एका विषयावरील साऱ्या चाचण्यांच्या एकत्रित तपासणीने, उथळ ते मध्यम खोलीच्या भाजलेल्या जखमा मधाने चार-पाच दिवस लवकर भरतात असा निर्वाळा दिला, आणि पायांच्या व्रणांबाबत मात्र तसा दिला नाही. परदेशी शिक्क्याविना आपल्याकडे ज्ञानाला किंमत येत नाही, ही या स्तंभाची जुनी तक्रार येथेही लागू पडते.

मानुकाखेरीज बहुतेक मधांचे काम वेगळ्या वाटेने चालते. मधमाशीच्या ग्रंथींतून मधात उतरणारे ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, घट्ट मधात निपचित असते. जखमेतून पाझरणाऱ्या द्रवाने मध पातळ झाला की ते जागे होते आणि जंतुनाशक हायड्रोजन पेरॉक्साइड थोडे थोडे तयार करू लागते. तापवल्याने हे विकर निकामी होते, म्हणून महाबळेश्वरचा जांभळाचा किंवा हिरड्याचा मध घेताना तो किती तापवला आहे, हाच पहिला प्रश्न ग्राहकाने विचारायला हवा. घरच्या बरणीतला मध मात्र भाजल्यावर लावू नये, कारण त्यात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात, तोही विकराला धक्का न लावता.